नालवाडीच्या खाटेवरून

हेमराजला एका जागी बसवणं त्याच्या बापालाही कधी जमलं नव्हतं. बाप भाजीपाला पिकवणारा. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या कडेला दीड एकर, एक विहीर, वांगी-भेंडी-पालकाचे वाफे. पोराला गवत निंदायला बसवावं, तर पाचव्या मिनिटाला पोरगं विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडून आत नाक खुपसलेलं. बापाने दोनदा बदडलं. तिसऱ्यांदा मोटार खरोखरच बिघडली आणि ती हेमराजने चालू केली, तेव्हापासून बापाने नाद सोडला. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास वर्ध्यात घराघरांवर टीव्हीचे अँटेना उभे राहिले आणि हेमराजच्या पायाला भिंगरी लागली. या छपरावरून त्या छपरावर, दिवसभर. पुढे टीव्ही बिघडेनासे झाले आणि कॉम्प्युटर आले. हेमराजने नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स केला, त्यातले चार महिने मास्तरांशी भांडण्यात घालवले, आणि १९९९ साली जुन्या मोटारसायकलीच्या मागे हत्यारांची पेटी बांधून तो जिल्हाभर फिरायला लागला.

नऊ वर्षं फिरला. पुलगाव, आर्वी, रोहणा, समुद्रपूर, हिंगणघाट. दुकानात शिरला की पहिलं वाक्य, "व्हा बाजूले." मालक खुर्चीवरून उठायचा, हेमराज बसायचा, दहा मिनिटं त्याची बोटं टकटक चालायची. "झालं." काय झालं होतं, असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "तुम्हाले नाई समजनार." मग उभ्याउभ्याच चहा आणि पुढचं गाव. यात थोडा माज होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण माणूस कामाचा होता, म्हणून लोक माजासकट त्याला बोलवत.

२००८च्या फेब्रुवारीत जाम गावच्या चौकात ट्रकने त्याला बाजूला सारलं. उजवा पाय दोन जागी मोडला. आत रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, पाच महिने खाट, मग काठी, आणि मोटारसायकल आता विसरा. पाय मोडल्याचं दुःख हेमराजने दात-ओठ खाऊन सोसलं, पण हे शेवटचं वाक्य त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

त्याची बायको कमला खमकी. वाफे ती बघायची, पहाटे भाजी बाजारात ती न्यायची. तिचा मोठा भाऊ प्रेमदास, त्याचं जामच्या त्याच चौकात टायरचं मोठं दुकान. प्रेमदासने मोठ्या मनाने सांगितलं होतं, "जावईबापू, आमच्याकडे या. खुर्चीवर बसायचं, पोरं काम करतात त्यायच्यावर नजर ठेवायची. दुसरं काईच नाई." दुसरं काहीच नाही, याच शब्दांनी हेमराजचा जीव घाबरा व्हायचा. ज्या चौकात आपण मोडलो, त्याच चौकात खुर्ची टाकून दुसऱ्यांचे हात चालताना बघत जन्म काढायचा! पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्याने आज-उद्या करत दोन महिने ढकलले. शेवटी कमलाने मे महिन्यातला एक सोमवार नेमून दिला. "त्या दिवशी दादाचा फोन येईन. हो का नाई ते सांगून टाका. माह्यानं असं टांगून राहणं होत नाई."

दोन महिन्यांत हेमराज गप्प मात्र बसला नव्हता. दुसऱ्याचा कॉम्प्युटर आपल्या घरून चालवता येतो, असा एक प्रोग्राम त्याला सापडला होता. तिकडच्या माणसाने तो चालू करायचा, पडद्यावर दोन नंबर दिसतात ते फोनवर सांगायचे, की इकडे हेमराजला त्याचा पडदा दिसणार आणि तिथला बाण इथून फिरवता येणार. त्याने पंचवीस सीड्या तयार केल्या आणि एसटीच्या ड्रायव्हरांच्या हाती गावोगावी पाठवल्या. पंचविसांतून एकानेही ती सीडी लावली नाही. "तुमी बरे व्हा, मंग या," असं लोक गोड बोलायचे आणि आर्वी-हिंगणघाटच्या नव्या पोरांना बोलवायचे. खाटेजवळच्या स्टुलावर कॉम्प्युटर मांडून हेमराज दिवसभर त्या प्रोग्रामच्या काळ्या चौकटीकडे बघत राहायचा. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि बाहेर जिवाला.

तो सोमवार उजाडला. सव्वाबाराला फोन वाजला. प्रेमदासच असणार म्हणून हेमराजने तीन रिंगा जाऊ दिल्या.

"हेमराजभाऊ, मी रोहण्यावरून देवका बोलतो."

देवकाबाई म्हणजे 'भैय्याजी झेरॉक्स अँड टायपिंग'ची मालकीण. भैय्याजी तिचा नवरा. दुकानातल्या लग्नपत्रिका, अर्ज, मयतीच्या चिठ्ठ्या ती कंपोज करायची. शिक्षण सातवी, पण मराठी टाइप करायला बसली की बोटं दिसू नयेत असा हात. तिला फक्त तेवढंच येत होतं. मशीन चालू करणं, बंद करणं, सीडी लावणं हे सारं भैय्याजींचं खातं.

"बोला वहिनी. भैय्याजी कुठं हायेत?"

"छिंदवाड्याकडे तेरवीले गेले. फोन लागून नाई राह्यला. रातच्याले लाइन गेली अन् कॉम्प्युटर बंद पडला. मी आता चालू केला, तर तो पासवर्ड मागून राह्यला. हे तर जातानी म्हणे, चालूच ठेवजो, बंद नको करू."

"आर्वीचा पोरगा?"

"लग्नाले गेला. परवा येतो म्हणते. पन भाऊ, पाच वाजता नवरीचा बाप येऊन राह्यला पत्रिका घ्याले. इथून तो सीधा आर्वीच्या प्रेसमधी जाईन. उद्या त्यायले पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची हाय. अक्षर अन् अक्षर लावून ठेवलं म्या, फक्त कागदावर काढायचं राह्यलं."

हेमराज ताठ बसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याला काम सांगत होतं. हे जमलं तर संध्याकाळी प्रेमदासला नाही म्हणायला तोंड राहील, आणि नाही जमलं तर जामची खुर्ची. त्याला लख्ख कळलं की आपलं सगळं या एका पत्रिकेवर येऊन ठेपलंय.

पासवर्ड त्यानेच घातलेला होता, चार वर्षांपूर्वी. घालताना झालेला विनोदही त्याला जसाच्या तसा आठवला. भैय्याजी हसून म्हणाले होते, "माहं खरं नाव टाक. घरची बाई मेली तरी ते तोंडातून काढत नाई. याच्याहून पक्कं कुलूप कोनतं?" दोघं पोट धरून हसले होते. आता विनोद आठवत होता आणि नाव आठवत नव्हतं. सारा बाजार त्यांना भैय्याजी म्हणायचा. दुकानाच्या पाटीवर भैय्याजी, हेमराजच्या वहीत भैय्याजी.

"वहिनी, भैय्याजीचं खरं नाव काय हो?"

पलीकडे नुसती बांगड्यांची किणकिण.

"वहिनी?"

"म्या कसं सांगू, भाऊ?"

"अवो, तोच पासवर्ड हाय!"

"लाइटचं बिल आनू का? नाई नाई, ते तर मामंजीच्या नावावर हाय."

"शेजारी कोनाले तरी विचारा."

"भर उन्हाचं कोन हाय? अन् कोनालेई विचारलं तर भैय्याजीच सांगन."

हेमराजने कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या जिभेवर आलं होतं, 'अहो, कोणत्या जमान्यात आहात?' पण दाराशी कमला उभी होती, आणि लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही तिने त्याला 'अहो'च्या पुढे कधी हाक मारली नव्हती. त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, लग्नात उखाणा तर घेतला असन ना? तोच घ्या. उखाण्यात चालते."

दुकानात चिटपाखरू नव्हतं, तरी देवकाबाईने डोक्यावर पदर घेतला असणार, हे हेमराजला पंचेचाळीस किलोमीटरवरून कळलं. मग बारीक, भराभर आवाज आला.

"रोहण्याच्या रानात हरभऱ्याले घाटा, हिरालालरावांच्या संसारात माहा अर्धा वाटा."

"हिरालाल!" हेमराज खाटेवरून जवळजवळ ओरडला. कमला हसत आत पळाली.

पण संकटाला एवढ्याने समाधान कुठलं. देवकाबाईच्या सोयीसाठी भैय्याजींनी कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या, आणि इंग्रजी अक्षरं त्याखाली कायमची गाडली गेली होती. तिने एकेक चिकटपट्टी नखाने खरवडायची तयारी दाखवली. हेमराजने थांबवलं. त्याने डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला आणि बोटं हलवून बघितली. कोणतं अक्षर कुठे आहे हे त्याच्या बोटांना माहीत होतं, तोंडाला नव्हतं. ते तोंडात आणायला त्याला घाम फुटला.

"मधली ओळ. डावीकडून सहावं."

"दुसरी वेलांटी?"

"असन. दाबा. आता वरची ओळ, आठवं."

"प."

"वरचीच, चौथं."

"त. मंग?"

"मधली ओळ, पहिलं. मंग त्याच ओळीत नववं. पुन्हा पहिलं, पुन्हा नववं."

"अनुस्वार, स. अनुस्वार, स." देवकाबाई थबकली. "यायचं नाव असं लिहितेत काय इंग्रजीत? वेलांटी, प, त, अन् हे सारं?" मग टक्‌ असा आवाज आला. "उघडला, भाऊ! उघडला!"

हेमराजचा जीव भांड्यात पडला, तो दोन मिनिटांपुरता. दोन मिनिटांनी देवकाबाईचा आवाज रडवेला झाला होता. पत्रिका उघडली होती, पण तिच्यात मराठीचं अक्षर नव्हतं. गणपतीच्या नावापासून आपल्या नम्र निमंत्रकांपर्यंत सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा. "म्या काई हात नाई लावला, भाऊ. नवरीचं नाव पन गेलं."

हेमराजने हे दुखणं पन्नासदा बघितलं होतं. दणका बसून मशीन बंद पडलं की कधीकधी मराठीचा फाँट खराब होतो. मजकूर जागेवर असतो, फक्त त्याचा वेश जातो. या पत्रिकेत दोन फाँट होते, एक मथळ्याचा, एक मजकुराचा. दोन्ही पुन्हा बसवले की काम फत्ते. तो तिथे असता तर सहा मिनिटं लागली असती. सहा मिनिटं! त्याने प्लास्टरवर मूठ आपटली.

"वहिनी, एसटीवाल्याच्या हाती म्या सीडी पाठवली होती. कुठं हाय?"

"हाय न. यायनं तिले दोरा बांधून पाखरं येऊ नाई म्हणून दारात टांगली हाय."

घड्याळात एक वाजला होता. रोहण्याला दोन वाजता लाइन जाते आणि चारला येते, हे तिनेच सांगितलं. म्हणजे हाती एक तास. चारनंतर पुन्हा खटपट करायची, तर नेट लागायलाच अर्धा तास जायचा, आणि पाचला मुलीचा बाप दारात.

आणखी एक अडचण होती. दुकानात फोनची एकच तार. ती नेटला लावली की फोन बंद. बोलायचं तर मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज फक्त मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ. दुकानातून तिथे तीस पावलं. पुढचा अर्धा तास देवकाबाईने ती तीस पावलं किती वेळा धावत घातली, ते तिच्या पायांनाच माहीत.

"नेट लागलं, सीडी आत गेली, भाऊ. एक चौकट आली."

"चौकटीत काय लिहून हाय?"

"थांबा, पाहून येतो." धाप, पावलं, पुन्हा धाप. "तीन बटनं हायेत. पहिल्यावर आर, यू, एन."

"तेच दाबा! हे सांगाले कायले आल्या? दाबून याचं न!" हेमराजचा पारा चढला.

"तुमीच म्हणले, विचारल्याबगर काई दाबू नका."

खरं होतं. नऊ वर्षं तो हेच सांगत आला होता. हेमराजने तोंड मिटलं, आणि मग डोळेही मिटले. उजव्या हाताने त्याने हवेत माउस धरला आणि एकेक पायरी बोटाने करून बघत, थांबत थांबत सांगायला लागला. चौकट येईल, तिच्यात खाली दोन बटणं येतील, उजवीकडचं दाबायचं. पुन्हा चौकट येईल, पुन्हा उजवीकडचं. मग एक लहान खिडकी उघडेल, तिच्यात वर मोठा नंबर, खाली लहान. दोन्ही लिहून आणायचे आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवायची. दाराशी पुन्हा आलेली कमला नवऱ्याचा हवेत हलणारा हात बघत राहिली. तिला हसू येईना.

देवकाबाई दोन्ही नंबर तळहातावर लिहून आली. हेमराजने टाकले. लागेना. पुन्हा टाकले. लागेना. 'चुकीचा नंबर.'

"वहिनी, ती खिडकी उघडी हाय ना?"

"म्या तर बंद केली. उन्हाची धूळ येऊन राह्यली म्हणून समदंच बंद करून आली."

आता धुळीचा आणि पडद्यावरच्या खिडकीचा काय संबंध, हे हेमराजने विचारलं नाही. दुकान सोडून बाहेर जाताना जे उघडं असेल ते लावून जायचं, अशी दुकानदाराच्या घरची सवय. तिने शटर अर्धं ओढलं, काचेचं कपाट लावलं आणि पडद्यावर जे उघडं दिसलं तेही लावलं. खालचा लहान नंबर दरवेळी बदलतो, हे सांगायचं राहून गेलं होतं ते हेमराजचंच. घड्याळात एक पस्तीस. "पुन्हा," तो म्हणाला. ती पुन्हा धावली.

एक त्रेचाळीसला त्याच्या समोरची काळी चौकट हलली. आधी राखाडी पट्टे आले, मग हिरवी टेकडी, निळं आभाळ, आणि एकेक करत फायलींची रांग. डाव्या कोपऱ्यात एक बाण थरथरत उभा. रोहणा! हेमराजने माउस सरकवला. दोन सेकंदांनी तिकडचा बाण सरकला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते कमलाला दिसू नये म्हणून तो उगाच खोकला.

"वहिनी, फोन ठेवा, आत जाऊन बसा. बाण आपोआप फिरन, भेऊ नका. फक्त हात लावू नका अन् कोनाले लावू देऊ नका."

तार धिमी होती. एक फाँट पाठवायला सहा मिनिटं लागली, दुसऱ्याला पाच. दोन्ही फायली त्याने पडद्यावर समोरच ठेवल्या. मग सगळे फाँट जिथे असतात तो कप्पा उघडला, मथळ्याचा फाँट उचलून त्यात नेऊन टाकला. पत्रिका उघडली. वरची ओळ थरथरली आणि गणपती मराठीत आले. राहिला मजकुराचा फाँट. त्याने कप्पा पुन्हा उघडला, बाण दुसऱ्या फायलीकडे नेला.

पडदा काळा पडला. मधोमध एक ओळ आली, संपर्क तुटला.

एक छप्पन्न. लाइन चार मिनिटं आधी गेली होती.

हेमराजने दुकानात फोन लावला. नेटची तार तशीच लावलेली असणार, नुसती रिंग जात राहिली. मोबाइल लावला. गावातली लाइन गेली की टॉवरही जातो. लागेना. तीनला लावला, साडेतीनला लावला. उठून फेऱ्या मारता येईनात, म्हणून त्याने खाटेची दोरी नखांनी उसवली. चार वाजले. लाइन आली असेल. आता तिचा फोन येईल. सव्वाचार. तिला पासवर्ड पुन्हा घालता आला नसेल. कोणती ओळ, कितवं बटण, ते लक्षात राहिलं नसेल. किंवा घाबरून तिने मशीनला हातच लावला नसेल, आपणच तर सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. साडेचार वाजले आणि हेमराज मनातून खचला. इतका हताश तो अपघातातही झाला नव्हता. तिथे निदान ट्रकला शिव्या देता आल्या होत्या.

पावणेपाचला फोन वाजला. प्रेमदास होता.

"मंग जावईबापू, काय ठरलं?"

हेमराजने घड्याळाकडे बघितलं. "येतो," तो म्हणाला. "गाडी पाठवून द्या."

"वा! संध्याकाळी सांगतो तुमाले, कोनती गाडी ते."

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात कमलाने ऐकलं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. ती चहा घेऊन बाहेर आली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि चहा ठेवून परत गेली.

पाच वाजून वीस मिनिटांनी पुन्हा फोन.

"भाऊ, देवका बोलतो. पत्रिका घेऊन गेला पोरीचा बाप."

"कोन आलं होतं? आर्वीचा पोरगा?"

"कोनी नाई. चारले लाइन आली. मी बसली. वेलांटी, प, त, अनुस्वार, स, अनुस्वार, स. उघडला. तुमी ठेवून गेलते ती दुसरी फाइल समोरच होती. मंग तुमचा बाण जसा जसा गेलता, तशी तशी मी गेली. खाली डावीकडच्या कोपऱ्यात, मंग वर, मंग त्या पिवळ्या कप्प्यात. दोन डाव चुकली. तिसऱ्यानं बसलं. बाई, काय गोड दिसली पत्रिका!"

"पन तुमाले कसं जमलं, वहिनी?"

"पाह्यलं न म्या. नऊ वर्षं तुमी येऊन राह्यले, भाऊ, पन मले आजवर तुमची पाठच दिसली. खुर्चीवर तुमी बसले की समदं झाकून जाये. आज पाठ मधात नव्हती, म्हणून दिसलं."

तिने ते कुरकुर म्हणून म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं, आवाजात नुसता आनंद होता. त्यामुळेच ते हेमराजच्या वर्मी लागलं. 'तुम्हाले नाई समजनार.' किती दुकानांत, किती माणसांना त्याने हे ऐकवलं होतं! आणि यांच्यापैकी कुणी सीडी लावली नाही म्हणून दोन महिने तो त्यांनाच शिव्या घालत बसला होता. लावतील कशी? त्याने त्यांना एक बटण तरी कधी दाबू दिलं होतं का? त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीला एवढं हलकं वाटलं की हे काय होतंय ते त्याला समजेना.

"भाऊ, हाय ना?"

"हाय, हाय. वहिनी, तुमी काय काय केलं, ते पहिल्यापासून सांगा. तुमच्या शब्दात सांगा. मी लिहून घेतो. समद्यायले पाठवतो."

त्याने वही ओढली. देवकाबाई सांगू लागली. खिडकी उघडी ठेवून जायची, वाटेल तेवढी धूळ येवो. खालचा लहान नंबर दरवेळी नवा असते, जुना हातावरचा पुसून टाकायचा. चौकटीत तीन बटनं आली तर भेऊ नाई, पहिलं दाबायचं. हेमराज भराभर लिहीत होता, मध्येच थांबवून विचारत होता, "पिवळा कप्पा कोनत्या बाजूले दिसला तुमाले?" आणि तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवत होता. त्याने स्वतः कधी सांगितलं नसतं इतकं ते सोपं होतं.

खाटेवर पडलेला मोबाइल वाजायला लागला. प्रेमदास, गाडीचं सांगायला. हेमराजने तिकडे बघितलंही नाही. मोबाइल वाजून थांबला, पुन्हा वाजला. कमला बाहेर आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, वहीवर वाकलेल्या डोक्याकडे, शाईने भरलेल्या बोटांकडे. मोबाइल उचलून ती अंगणात गेली.

"नाई दादा, गाडी नको पाठवू," ती भावाला म्हणाली. "ते येत नाई. कामात हायेत."